फीत तोडली आबांनी

हैदराबादहून शिरूरपर्यंत सायकल मारणं सोपं आहे रे, शेवटची शंभर पावलं अवघड. शिरूरच्या दवाखान्याला डायलिसिसचं मशीन मिळावं म्हणून देणग्या गोळा करत आम्ही नऊ जण निघालो होतो. दौंड सोडलं तेव्हाच वाटलं, पोचलो! शिरूरच्या वेशीवर फीत दिसली, बँडवालेही तयार, आणि आयोजक आडवे आले.

"थांबा! पाहुणे अजून रांजणगावातच हायत. त्यांच्या आधी फीत तुटली, तर हार कुणी घालायचा?"

बसलो बाभळीखाली तासभर. शेवटी पाहुण्यांची गाडी आली. आम्ही हेल्मेट घालतोय, तेवढ्यात एक आबा जुन्या सायकलच्या कॅरेजवर घासाचं ओझं घेऊन आले आणि सरळ फितीतून पार! बँड वाजला. पाहुण्यांनी हार घातला, शाल पांघरली.

"ह्या वयात, आबा! कुठून आलात?"

"मळ्यातनं."

तोवर आम्ही मागून पोचलो. आबांनी आमच्या सायकली निरखून पाहिल्या.

"तुम्ही कुठनं?"

"हैदराबादहून, आबा."

"एवढ्या लांबनं? आन् सायकलला कॅरेज न्हाई? मग आणलं काय?"