भजन मंडळाचा कायदा

सभा कशाले म्हणतात ते मले विचारा. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, आमच्या उमरेड रोडच्या वस्तीतली गोष्ट. नळाले पाणी नव्हतं म्हणून नगरसेवकाले हनुमान मंदिरासमोर बोलावलं. साहेब माइक धरून तासभर बोलले, पाणी सोडून साऱ्यावर.

आता आमच्या भजन मंडळाचा एक कायदा होता. कोणी गाणं फारच लांबवलं, की बाकीच्यांनी गजर धरायचा. मग त्यानं थांबायचं, पाळी दुसऱ्याची.

मंडळाच्या गंगाकाकूनं टाळ उचलले अन् गजर धरला. सारी वस्ती टाळ्या वाजवू लागली. देवाचं नाव मधात आलं, साहेब काय बोलतील? माइक खाली ठेवून हात जोडले.

गजर थांबला. काकू म्हणाली, "तुमची पाळी झाली, भाऊ. आता शांता बोलते."

शेजारची शांता घरातही मोठ्यानं बोलत नसे. ती उठली. "साहेब, आमच्या नळाले पाणी काहून नाही?"

साहेबांनी माइककडे हात केला. काकूनं त्या हातात टाळ ठेवले. "थांबा ना गा. तिचं व्हायचं आहे. तवर तुम्ही साथ करा."

पाणी पुढं आलंच, पण ते सोडा. बाप्पा! एवढा मोठा माणूस, शांताचं बोलणं सरेपर्यंत टाळ धरून मुकाट उभा होता.