गिअरबॉक्समधली सोलकढी

चहा घ्या, पण आधी हे ऐका. माझं पोलादपूरला गॅरेज. पुतण्या सुधीर महाडात जुनी स्पोर्ट्स कार घेत होता, सहीला पेनही काढलं होतं. मी म्हटलं, आधी चालवून बघतो. ऑटोमॅटिक गिअर बदलताना गाडी धक्का देत होती.

मालक म्हणाला, "काका, मशीन लावून बघितलंय. दोष नाही. पुराचं पाणीही लागलेलं नाही."

मला मशीन वाचता येत नाही. मी गाडीखाली शिरलो, गिअरबॉक्सचं थोडं तेल ग्लासात काढलं. हे तेल कोकमासारखं लाल असतं. निघाली गुलाबी सोलकढी.

मी ग्लास त्याच्यापुढे धरला. "पाणी नाय शिरलं ना? मग यात नारळाचं दूध कोणी पिळलं?"

सुधीरने पेन खिशात घातलं.