निघालो, तांदूळ भिजव

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, संघमित्राच बोलतेय… मीनाकाकू! अहो, हा नंबर कुणाचा?… अबोलीचा. लेकीच्या फोनवरून का, तुमच्या फोनला काय झालं?… नाही हो, कामात कसली, ऑफिसातच आहे, द्रोणागिरीला. जरा थांबा, बाहेर कंटेनर लागतोय, खिडकी लावते… हं, बोला.

मेसेज येत नाही? कुणाचा?… काल संध्याकाळी. बरं… रोज येतो, काल नाही आला. आमच्या ऑफिसच्या नंबरवरून? तुम्हाला?… काकू, तो नंबर ड्रायव्हर लोकांसाठी आहे. गाडी अमुक, गेट तमुक. तुम्हाला कसा येईल? काय लिहिलेलं असतं?

काय?

परत सांगा.

'निघालो. तांदूळ भिजव.'

… काकू, सर जाऊन चौदा महिने झाले.

हो, हो, तुम्हाला माहितीये, सॉरी, मी पण काय बोलतेय… तेराव्यानंतर तीन-चार दिवसांनी सुरू झाला? तेव्हापासून रोज? आणि तुम्ही कुणालाच नाही बोललात? अबोलीला पण नाही?… हो, तिने बंद करायला लावला असता. खरंय… आणि तांदूळ?… रोज भिजवता.

दोघांचे.

नाही काकू, फोन बिघडलेला नाही. नका देऊ दुकानात. ऐका ना… अहो ऐका. मीच बंद केलंय. काल… सांगते. सरांनी गेटपासचा प्रोग्रॅम लिहिला होता ना, मी शाळेत होते तेव्हा? पर्ल नावाच्या भाषेत. ती आता इथे कुणाला येत नाही. सर गेल्यावर तो कुणाला चालवता येईना, दोन आठवडे आम्ही हाताने पास लिहिले. मग मी नवीन लिहिला, दुसऱ्या भाषेत, पायथनमध्ये. पण सरांच्या प्रोग्रॅममध्ये काय काय दडलंय ते कळेना, म्हणून मोडला नाही. माझ्या प्रोग्रॅमच्या पोटात ठेवला. वरून माझा चालायचा, आत सरांचा… पुरणपोळीसारखं? हो, चालेल. पारी माझी, पुरण सरांचं.

आणि काल ते पुरणच काढून टाकलं मी. सगळं माझ्या भाषेत लिहिलं. शहाणी ना! ऑफिसातल्या निशांतने पेढे वाटले इथे… तर तुमचा मेसेज त्यातूनच जात असणार. मशीनच पाठवत असणार, आपोआप… हो, म्हणजे आधीपासूनच. सर असताना पण मशीनच…

हॅलो?

काकू?

अहो रडू नका ना… नाही, तसं नाही… हो, इतकी वर्षं. तुम्हाला वाटायचं ते स्वतः पाठवतात… माझं तोंडच खराब. न बघता बोलले मी. थांबा. फाईल आहे अजून, जुनं मशीन उचललेलं नाही. फोन ठेवू नका… निशांत! ए निशांत, त्या भंगारवाल्याला चहा पाज. मशीनला हात नाही लावायचा. वायर पण काढायची नाही… अरे सांगते नंतर!… हं काकू. उघडतेय.

'मीना' शोधते… आहे. बापरे. काकू, सरांनी कडेला टिपा लिहून ठेवल्यात. वाचू? 'सोमवार. मीनाचा उपवास. तांदूळ नको, नुसतं निघालो.'… सोमवारी तसाच येतो ना? बघा!… अजून एक. 'मीना बोलत नाही. चार दिवस मेसेजच्या आधी सॉरी लावणे.'… कशावरून भांडलात एवढं?… फ्रिजच्या रंगावरून! चार दिवस!… हसा, हसा. बरं वाटतं तुमचं हसणं ऐकून.

थांबा.

थांबा थांबा, इथे एक ओळ आहे. मेसेज जायच्या आधी. प्रोग्रॅम विचारतो, 'मीनाला कळवू?' विचारतो आणि थांबतो. एंटर दाबल्याशिवाय पुढे जातच नाही… अहो म्हणजे आपोआप नाही काकू! सर दाबायचे. मी बघितलंय त्यांना, रोज! शेवटची गाडी गेटबाहेर गेली, डबा पिशवीत टाकला, हेल्मेट काखेत घेतलं की उभ्याउभ्या एक बटण दाबायचे आणि निघायचे. मला वाटायचं मशीन बंद करतायत… हो. स्वतःच्या हाताने. तुमचंच खरं होतं काकू. मी मूर्ख.

… काय?

… मग हे चौदा महिने कुणी दाबलं.

मी, काकू.

मी म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने. सरांचा रोज तिथे येऊन अडकायचा. आतला काय विचारतोय ते वरून दिसायचं नाही, नुसता गप्प बसून राहायचा. मी वैतागले आणि लिहून टाकलं, आतला थांबला की एंटर देत जा. झालं. काम चालू. कशाला हो म्हणतेय ते बघितलं पण नाही… सर असते ना, तर धपाटा घातला असता. काय विचारलंय ते वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं मला त्यांनी. आणि मी त्यांच्या नावाने रोज तुम्हाला… मला माफ करा काकू… नाही, चूकच आहे. तुम्ही मोठ्या मनाच्या आहात म्हणून.

सर गेले त्या दिवशीचा?… बघते. नोंद असते सगळ्याची… आहे. गुरुवार, सहा बेचाळीस… नाही, तेव्हा माझं काहीच नव्हतं त्यात. तो सरांनीच पाठवला. शंभर टक्के. शेवटचा त्यांचाच आहे, काकू, जपून ठेवा तो.

हो… घरी येताना, उलव्याच्या अलीकडे. मी आले होते ना तिथे, मला आठवतंय. बाईक नीट स्टँडवर, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. आणि ते कठड्याला टेकून बसलेले… तुम्ही ते तांदूळ… दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यातच… नका सांगू काकू… नाही, सांगा. सांगा, मी ऐकतेय.

… काही नाही, सर्दी झालीय जरा.

काकू, मी परत सुरू करते. दोन ओळींचं काम आहे, संध्याकाळपासून येईल. निशांतला मी बघून घेते… नको? का नको?… मला कसला त्रास, अहो…

… हं.

… हो.

चौदा महिने रोज निघतायत. आणि पोचत नाहीत.

माझ्या डोक्यातच नाही आलं हे.

… पाठवते ना. काय लिहू?… 'पोचलो.' एवढंच? दुसरं काही नको?… बरं. आत्ताच करते, हे मशीन गेलं की मेसेज पाठवणारं ते सिमकार्डचं डबडं पण जाणार. त्याच नंबरवरून येईल. तुमचा फोन कुठंय?… ओट्यावर. घ्या हातात… नाही, या वेळी माझा प्रोग्रॅम मध्ये नाही. सरांचाच चालवतेय, एकटा. फक्त शब्द बदलला… झालं. परत एकदा वाचलं.

तो विचारतोय, काकू. 'मीनाला कळवू?'

… मी नाही सांगणार त्याला. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेव्हाच दाबते.

… घाई नाही. घ्या वेळ.

… नक्की?

दाबलं.

… वाजला. मला इथे ऐकू आला. वाचा ना, मोठ्याने वाचा.

… हो.

… हो काकू, पोचले.

हॅलो?… काकू?…

ठेवला.

निशांत… सांग त्याला. ने म्हणावं मशीन.