सांबराचा डोळा आणि आमचे हे

“म्हशीला नाटकाला नेल्यागत व्हईल, अव्वा!”… हे कोण म्हणालं? आमचे हे. कुणाबद्दल? माझ्याबद्दल! आणि मी कुठे होते म्हणाल, तर दाराच्या अलीकडे, हातात सूप, सुपात ज्वारी, आणि पाखडायचं थांबवलं तर आत कळेल ही ऐकतीय म्हणून, त्यामुळे पाखडतेच आहे, पाखडतेच आहे… खडा गेला, कोंडा गेला, तरी पाखडतेच आहे! बरं, त्यावर सासूबाई काय म्हणाल्या? नव्या सुनेला असं बोलू नये रे बाबा, असं म्हणाल्या? छे! म्हणाल्या, “ने की. म्हस निदान हंबरती तरी, ही तेवढंबी करायची न्हाई. तुला काय तरास?”

तुम्हाला सांगते, अंगाची हळद अजून उतरली नव्हती हो माझ्या. अक्कलकोटहून सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आले, आणि आठ दिवसांत गल्लीभर नाव झालं, अमक्याची सून बोलतच नाही म्हणून. आता बोलायचं कधी, ते तुम्हीच सांगा! आमचे हे तोंड धुताना बोलतात, चूळ भरली की राहिलेलं बोलतात, जेवताना बोलतात. भाकरी थापणारी मी, आणि भाकरी कशी थापावी हे पाटावर बसून मला सांगणार हे! ह्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: “थांब, सांगतो. तुला न्हाई कळायचं.” अहो, कळायचं नाही तर सांगता कशाला? आणि सांगायचंच आहे, तर कळायचं नाही हे आधीच कुणी येऊन सांगितलं तुम्हाला?… पण हे मी विचारलं का? नाही. मी गप्प.

झालं होतं असं, की हे गिरणीच्या टाइम हापिसात कारकून. गिरणीच्या साहेबलोकांचा एक क्लब आहे, तिथे बिलियर्डचं टेबल आहे, आणि त्या टेबलावर चमत्कार करून दाखवायला मुंबईहून कुणी प्रोफेसर पिंटो येणार होता. प्रोफेसर! मला वाटलं काही शिकवत असेल. तर नाही, काठीनं गोळे ढकलतो म्हणे. मग आमच्या गल्लीतली सगळी पोरं प्रोफेसरच की! तर मॅनेजरसाहेबाच्या मडमेला हौस आली, हापिसातल्या सगळ्यांनी आपापल्या बायका आणाव्यात, बिचाऱ्या कधी काही बघत नाहीत… हौस मडमेची, हुकूम साहेबाचा, आणि घामाघूम कोण? आम्ही! ह्यांना तर जोर चढलेला. साहेबाच्या नजरेत भरलं, की टाइम हापिसातून उचलून वरच्या हापिसात, पंख्याखाली! तेव्हा म्हैस तर म्हैस, न्यायलाच हवी होती.

बोलावणं बायकोला होतं, सासूबाईंना नव्हतं. पण टांगा दारात आला तेव्हा सासूबाई आधीच आत बसलेल्या होत्या. इरकली नेसून, कपाळाला विभूती लावून, मांडीवर पानाचा डबा. “पोरगं एवढ्या मोठ्या साहेबाफुडं जाणार, आन् मी घरात बसू व्हय?” मग मी कडेला बसले, टांग्याच्या चाकाकडे अर्धी बाहेर. हे पुढे टांगेवाल्याला बिलियर्ड समजावत होते. घोड्यालासुद्धा कळलं असेल थोडंफार. मला तेवढं नाही कळायचं!

क्लबात गेलो. बायकांची जागा कुठे? हॉलच्या टोकाला, आणि पुढे चिकाचा पडदा, बांबूच्या काड्यांचा. म्हणजे बायकांना आणा आणा म्हणून सांगायचं, आणि आणल्या की झाकायच्या! बरं झाकल्या तर झाकल्या, वैशाखातलं सोलापूर, भिंतीला पोळी लावली तर भाजून निघेल, आणि त्यात पंखा बंद! का? तर वाऱ्यानं म्हणे गोळे हलतात. गोळ्यांना वारा बाधतो, माणसांना घाम बाधत नाही! मी एक काडी मोडलेली जागा धरली, फट चांगली दोन बोटं होती. म्हटलं निदान दिसेल. तर फटीपुढे काय? ह्यांचं डोकं! पुरुषांचं शेवटचं बाक आमच्या चिकाला खेटून, आणि सगळी मोकळी जागा सोडून हे नेमके तिथे, पाठ टेबलाकडे, तोंड आमच्याकडे! खेळ बघायला आलेला माणूस आणि खेळाकडे पाठ… का? तर, “थांब, सांगतो. तुला न्हाई कळायचं.”

मग आला तो प्रोफेसर. ह्यांच्या कानाशेजारून मान वाकडी करून मी बघत होते. मिशीला एवढं तेल, की त्यात चार भजी निघतील. अंगात जाकीट, बोटात अंगठ्या, आणि हातात ती काठी; काठीला निळा खडू असा लाडानं लावतोय, असा लाडानं… आमच्या घरी देवाला गंध कुणी इतक्या मायेनं लावत नाही. मग गोळे मांडायला सुरुवात. एक गोळा ठेवला. वाकून बघितला. एक डोळा मिटून बघितला. केसभर इकडे. लांब जाऊन बघितला. केसभर तिकडे. अहो, आमच्यात पत्रिका जुळवायला एवढा वेळ लावला नाही! मी म्हटलं मनात, ह्याच्या निम्मी मेहनत माझ्या बापानं घेतली असती तर… जाऊ दे. मग शेवटी मारलं टक्कन्, आणि तीन गोळे टेबलाच्या तीन खिशांत. टाळ्या! सगळी करामत मांडण्यात, आणि टाळ्या कशाला? तर शेवटच्या त्या टक्कन्ला! स्वयंपाक जिने केला ती आत, आणि वाढणाऱ्याला वा वा… तसलंच ते.

ह्यांना मात्र टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं, काहीतरी झालं. लगेच, “बघितलंस? तो पांढरा जो हाय का नाही, तो तांबड्याला असा आडवा गेला!” अहो तो आडवा गेला नाही, सरळ गेला, मी बघत होते, तुमची पाठ होती! सासूबाई म्हणाल्या, “लई हुशार हाय माझा ल्योक. न बघता सांगतोय.”

एक गोळा मात्र… खरं सांगते, एक गोळा मला आवडला. त्याला मारलं, तो गेला पुढे, दुसऱ्याला जरासा शिवला, आणि आपला आपण मागे वळून जिथून निघाला होता तिथे येऊन उभा राहिला. कुणाला विचारलं नाही, न्यायला कुणी आलं नाही, सण नाही, वार नाही, सासूची परवानगी नाही… आला परत! मी बघतच राहिले. तेवढ्यात ह्यांनी फटीतून माझं तोंड बघितलं. “अव्वा, बघ बघ, कशी खुळ्यावानी बघत बसलीय! मी काय म्हणालो हुतो?” काय म्हणाला होता ते मला माहीत होतं की. सगळी ज्वारी पाखडून झाली होती माझी तेव्हा!

मग प्रोफेसरनं साहेबाची हॅट मागितली. ती टेबलावर मधोमध ठेवली, आणि म्हणे हॅटीवरून गोळा उडी मारून पलीकडच्या खिशात जाणार. पुन्हा केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि मारलं! गोळा उडाला. हॅटीवरून गेला. टेबलावरून गेला. खिशावरूनही गेला! आणि भिंतीवर सांबराचं एक मुंडकं लावलेलं होतं, पेंढा भरलेलं, काचेचे डोळे… त्याच्या डाव्या डोळ्यावर फाडकन्! डोळा निघाला आणि टणटण करत फरशीवरून घरंगळत हेडक्लार्क सिद्धप्पांच्या बुटाशी जाऊन थांबला. आणि तो पठ्ठ्या प्रोफेसर? कमरेत वाकून त्यानं सलाम केला हो! जणू सांबरानं डोळा मिचकावलाय आणि ह्यानं तो हुकमी टिपलाय! साहेबानं टाळी वाजवली म्हणून सिद्धप्पांनी वाजवली, सिद्धप्पांनी वाजवली म्हणून सगळ्या हापिसानं वाजवली. आणि आमचे हे, कुणीतरी सांबराचा डोळा गेला म्हटलेलं ऐकून, मान न वळवता म्हणतात, “सांबराचा डोळाच टिपायचा हुता त्याला. तसा डाव असतोय. तुला न्हाई कळायचं.”

सांबर एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होतं. त्याला कळत होतं.

आता शेवटचा खेळ. प्रोफेसर पुढे आला आणि छाती फुगवून म्हणाला, “मेहरबान! एक जवाँमर्द चाहिए!” त्यानं टेबलावर उताणं निजायचं. तो चौकोनी निळा खडू असतो ना, तो दातांत धरायचा. खडूवर गोळा ठेवायचा, हस्तिदंती, चांगला वजनदार. आणि प्रोफेसर काठीनं तो गोळा असा उडवणार, की समोरच्या खिशात जाऊन पडेल आणि नाकाला वारासुद्धा लागणार नाही! सांगा बघू, सांबराची दशा बघितल्यावर कोण निजेल? एक माणूस हलेना. जो तो आपल्या बुटाकडे बघतोय. साहेब वळून वळून सगळीकडे बघतोय, आहे का कुणी माझ्या हापिसात मर्द? सिद्धप्पा तर खांबाआड असे गेले, की खांबालाच कोट घातल्यासारखा दिसायला लागला.

आणि आमचे हे? ह्यांची पाठ होती ना, आणि तोंड चालू! ह्यांना त्यातलं काही माहीतच नाही. हे आम्हाला मघाचाच उडीचा खेळ समजावत होते: “गोळा असा जो उठला, तो असा वर…” आणि तो कसा वर गेला ते दाखवायला ह्यांनी हात केला वर. सरळ. उंच. सगळ्या हॉलमध्ये एकच हात!

“शाब्बास!” प्रोफेसर ओरडला. साहेब खुर्चीतून अर्धा उठला. मडम म्हणाली काहीतरी गोड. टाळ्या कडाडल्या आणि हे वळले. अहो, काय तो चेहरा! पण साहेब हसला होता ह्यांच्याकडे बघून. वरच्या हापिसातला पंखा फिरायला लागला असेल डोळ्यांपुढे… आता हात खाली कसा घ्यायचा? गेले. टोपी काढली, कोट काढला, धोतर सावरलं, आणि त्या हिरव्या बनातीवर उताणे निजले. दिव्यांच्या उजेडात नाक काय उठून दिसत होतं! तेवढं मोठं आहे ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तोंडात खडू. खडूवर गोळा. आणि मग…

मग शांतता. तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून असली शांतता मी ऐकली नव्हती. हे आहेत, समोर आहेत, जागे आहेत, आणि बोलत नाहीत! घड्याळाची टिकटिक ऐकू आली मला. बाहेर कुठे टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला. मला वाटलं, बसावं असंच जरा.

पण सासूबाई! लागल्या ग्रामदैवताला आळवायला, “सिद्धरामा, माझ्या लेकराचं नाक सांभाळ रे! पाच नारळ फोडीन! अगं डोळा जाईल गं त्याचा, त्या मुडद्या जनावराचा गेला तसा…” आणि माझ्या दंडाला चिमटे, एक, दोन… जणू मीच निजवलं होतं! मला काय ह्यांचं वाईट व्हावं असं होतं का? कुंकू माझंच आहे. काठी जवळ गेली तेव्हा मीही पदर तोंडात धरला, खोटं कशाला सांगू!

पण तो प्रोफेसर कसला पोचलेला! काठी रोखली, थांबला, आणि म्हणाला, “जनाब की शादी हुई है?” सिद्धप्पा खांबाआडून, “जी हाँ, अभी अभी!” “तो बेगमसाहिबा की इजाजत चाहिए!” सगळा हॉल वळला चिकाकडे. सिद्धप्पा जवळ आले, चिकाला तोंड लावून हळूच म्हणतात, “वहिनी, घाबरू नका. नुसतं न्हाई म्हणा, नाहीतर थोडं रडा. सुटतो तो. बायकांनी रडलं की अब्रूला धक्का न्हाई.”

सासूबाई कानात, “रड की गं! रड! एवढंबी येत न्हाई व्हय तुला?”

आणि ह्यांनी टेबलावरून डोळे फिरवले. नुसते डोळे. मान हलवली तर गोळा पडणार, तोंड उघडलं तर खडू पडणार. ते डोळे सांगत होते, म्हण, न्हाई म्हण. आणि मला सगळं एकदम दिसलं हो पुढचं. मी न्हाई म्हणणार, हे टेबलावरून ऐटीत उतरणार, धोतर झटकणार, आणि मग जन्मभर, पाहुणा आला की सांगणार, “मी निजलोच हुतो की, पर ही रडली! बायकांना काय कळतंय?” बारशाला सांगणार, लग्नाला सांगणार, माझ्या नातवंडांना सांगणार… आणि मी तिथेच ज्वारी पाखडत ऐकणार.

न्हाई म्हणावं तर हे जन्मभर बोलणार, आणि गप्प बसावं तर गप्प बसण्यालाही इथे न्हाईच समजतात. म्हटलं, जाऊ दे, एकदा कधीतरी तोंड उघडायलाच लागणार होतं. पदर सावरला, फटीला तोंड लावलं, आणि सिद्धप्पांना सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

“मारा म्हणावं. आणि सावकाश होऊ द्या… आमाला काय घाई न्हाई.”