आमच्या घरातला दमा

माहेर माझं टेंभुर्णीकडचं, दिलं घनसावंगीकडं. आता जालन्यात बियाण्याच्या कंपनीत बी निवडते, फुटकं एकीकडं, चांगलं एकीकडं. पोरगी मंगल संग असते, तिचा हात माझ्यापेक्षा जल्दी चालतो. तिचंच सांगते, काय सांगू तुम्हाला, समदं एका शब्दानं झालं.

सासरा खोकायचा. सरकारी गोळ्या आणल्त्या, दोन महिने खाल्ल्या, बरं वाटलं की सोडल्या. उरलेल्या सासूनं ज्वारीच्या कणगीत दडवल्या, कारण नणंद लग्नाची होती आन् टीबीवाल्या घरची पोरगी कोण करतं. तवापासून घरात दमा म्हणायचं, बिलकुल दुसरा शब्द न्हाई. म्हणून म्हणून आम्हालाच दमा खरा वाटायला लागला. मंगल तवा पाच वर्षांची, आज्याच्या ताटात बसल्याबिगर तिला घास उतरायचा न्हाई. आता दम्याला काय ताट येगळं करायचं?

मंग पोरगी वाळायला लागली. दिवस कलला की अंग कोमट. शेजारीण म्हणे दात येऊन राह्यले असतील, मी म्हणलं बाई, आलेले पडायला झाले, तर म्हणे मंग नजर. मीठ-मिरच्या उतरवल्या. बाजारातल्या डॉक्टरनं विचारलं, घरात कुणाला जुना खोकला हाय का. माझं तोंड उघडलंच होतं, सासूनं पाय दाबला आन् म्हणली, म्हाताऱ्याला दमा हाय, दुसरं काय न्हाई. बराबर, म्हणले डॉक्टर, लाल टॉनिक दिलं. लाल सरल्यावर हिरवं दिलं.

मंग गावात तपासणीचं शिबीर आलं. पाहुण्यांना हार, मंग हार घालणाऱ्यांना हार, एकेकानं आरोग्यावर एवढं भाषण केलं की लेकरं उन्हातच झोपली. उरल्या वेळात डॉक्टरनं मंगलला बघितलं, तेच विचारलं. सासू संग न्हवती, नणंदेचं लगीन आठ दिवसांवर, ती पापड करून राह्यली होती. मीच म्हणलं, दमा. त्या दिवशी माझा पाय कुणी दाबला न्हवता.

लगीन लागलं, नणंद गेली, आन् पाचव्या दिवशी मंगलची मान ताठली, डोळे फिरले. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणली, घरात टीबी हाय का कुणाला? मी म्हणलं, हाय. बाई म्हणली, टीबी पोरीच्या मेंदूत गेला, आजवर कुठं व्हता तुम्ही?

पोरगी वाचली, कान गेले. सासरा त्याच साली गेला, मातीला आलेले म्हणत होते, दम्यानं गेला. नणंद सुखात हाय, सुखातच राहो, तिचा काय दोष.

मंगल ओठांवरून बोलणं वळखते. ती मोठी झाल्यावर एकदा तिला सांगायला बसले, कान कशानं गेले ते. टीबी म्हणलं, तिला कळलं न्हाई. तीनदा म्हणलं, तरी न्हाई. मंग दमा म्हणलं. ते तिनं चटकन वळखलं, हसली, आन् आज्यासारखं खोकून दाखवलं.