निळ्या मुठीवरचे पाच डाग

...अहो, ॲसिड बदललं, वायर बदलली, शेजारच्या व्हिटालीचा चार्जर मागून आणला, तरी मुठीवर तेच फिकट डाग! मूठ म्हणजे धनुष्याची, ॲल्युमिनियमची. आमची पेरिझात रविवारी निवड चाचणीला उतरणार, तिला हवी निळी. बाजारात मिळते हो, पण बापाला स्वस्थ बसवतं का? बॅटरीचं ॲसिड पाण्यात घालायचं, मूठ टांगून करंट द्यायचा, की धातूवर न दिसणारी छिद्रं पडतात, त्यात रंग शिरतो, मग उकळत्या पाण्यात टाकून तोंडं बंद. इतकं सोपं... ऐकायला! माझी मूठ निघाली निळीशार, आणि त्यावर पाच डाग. एका बाजूला चार, पाठीमागे एक. आता ते डाग आले कुठून?

व्हिटाली म्हणतो, "ओरिनबेक, तुझी तार ढिली आहे." घट्ट केली. कॉस्टिक सोड्यात बुडवून जुना थर उतरवला, पुन्हा करंट, पुन्हा रंग... पाच डाग. "मग पाणी तापत असेल." बर्फ टाकला. आमच्या करागंडात बर्फाला काय तोटा, दार उघडलं की हजर. पाच डाग! माझेच हात लागत असतील म्हणून हातमोजे घातले. तेच. पोरगी दर वेळी तशीच मूठ लावून सरावाला जायची, बोलायची काही नाही. मी मात्र बेचैन, कारण सोडा दर वेळी थोडा धातू खातो, स्क्रूची भोकं सैल होत चाललेली. आणखी एक-दोनदा, की मूठ भंगारात आणि पोरगी घरी. पण मला सांगा, ते डाग आले कुठून?

परवा करंट बंद केला, मूठ धुऊन टांगली, रंग गरम करायला वळलो, तर आमचे सासरे, ज्यांना सगळे अता म्हणतात, जेवण उरकून गॅरेजात आले. जेवण म्हणजे बेशबरमाक, घोड्याचं मांस, चरबी निथळतेय, आणि खायचं हातानं. त्याच हातानं त्यांनी मूठ उचलली, डोळे मिटले, "पोरीचा बाण सरळ जाऊ दे" म्हणाले, पाची बोटं घट्ट दाबली आणि परत टांगली. दर वेळी आशीर्वाद! छिद्रं चरबीनं बुजलेली, रंग शिरणार कुठून?

बरं, मोठ्या माणसाला सांगायचं कसं? बायको म्हणाली, "माझ्या वडिलांचा आशीर्वाद पुसलात ना, तर तुम्हालाच उकळत्या पाण्यात घालीन." तसं आमच्यात जेवण झालं की थोरांच्या हातावर धाकट्यानं पाणी घालायचं असतंच, पण अता टॉवेलला बोटं पुसून मोकळे व्हायचे. मूठ परत सोड्यात घातली, करंट दिला, आणि अता उठायच्या आत चंबू आणि साबण घेऊन वाट अडवून उभा राहिलो.

"जावईबापू, आज सेवा जोरात?"

"अता, आशीर्वाद द्यायचा तर हात स्वच्छ हवेत."

मूठ निघाली निळी, एक ठिपका नाही. पेरिझातनं ती उलटसुलट फिरवली आणि तिचा चेहराच पडला.

"पापा, अतांची बोटं कुठं गेली?"

"अगं, डाग होते ते."

"त्यावर बोटं ठेवली की दर वेळी पकड तीच बसायची. बाण हलायचा नाही. आता काय करू मी?"

घ्या! मग काय, मूठ शेवटची एकदा सोड्यात. आज जेवायला अतांच्या ताटात सगळ्यात चरबीचे तुकडे मी स्वतः वाढले. करंट देऊन मूठ टांगून तयार. अता ढेकर देऊन उठले, गॅरेजात आले, आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरून उभे राहिले.

"पाणी घाला, जावईबापू. आणि तो साबण कुठाय?"