फोनचा बंदोबस्त

बसच्या रांगेत माझे कान माझं ऐकतच नाहीत. आज तर पुढे शिवणकाम करणारी वहिनी आणि ऑफिसला निघालेली तिची नणंद अशा दोघी होत्या.

“वन्सं, हा माझा फोन तुमच्याकडेच ठेवा. जवळ असला की टाक्यागणिक बघते मी.”

“आणि त्या नवरीचा ब्लाउज?”

“बाह्या लावायच्यात अजून. दुपारी न्यायला येतेय. उद्या लग्न, नाही मिळाला तर रडेल बिचारी.”

“मग पळा घरी, वहिनी.”

“निघालेच. पण शेजारीण काल काय म्हणाली, ऐकलंत?”

“संध्याकाळी सांगा.”

“दोनच मिनिटं.”

“तुमच्या दोन मिनिटांत आधीची बस गेली.”

“बरं, ही आली बघा. चढा.”

“अहो, तुम्ही कुठे चढताय?”

“पुढच्या थांब्यावर उतरते. तेवढ्यात सांगून होईल.”